आठ रंगी की बारा रंगी? आधी ऑर्डरींची वही काढा

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासऱ्यांचे चार माग होते. ते विकून त्याच पत्र्याच्या शेडमध्ये दिरांनी अकरा वर्षांपूर्वी टी-शर्ट छपाई सुरू केली. छपाई दीर बघतात, ऑर्डरी आणि हिशेब ताई. हाताने फिरवायचं सहा रंगी, चार पॅलेटचं (पॅलेट म्हणजे टी-शर्ट चढवायची फळी) मशीन, एक लांब टेबल आणि विजेवरचा छोटा ड्रायर एवढा पसारा आहे. शाळांचे पीटीचे आणि हाउसचे टी-शर्ट, मंडळांचे, दिंड्यांचे, जिमचे, अधूनमधून टॉवेलवर हॉटेलचं नाव, अशा महिन्याला पस्तीसेक ऑर्डरी आणि सहा-सात हजार नग होतात. आता पुण्याच्या एका व्यापाऱ्याने लहान मुलांच्या टी-शर्टचं काम देऊ केलं आहे. गडद कापड, सहा ते आठ रंग, महिन्याला २०,००० नग. बोलणं झालंय ते फोनवर. दिरांना परदेशातून आलेलं जुनं बारा रंगी ओव्हल (अंडाकृती) ऑटोमॅटिक मशीन ३० लाखांत घ्यायचं आहे. तेवढ्याच पैशांत नवं आठ रंगी गोल मशीनही मिळतंय. सासरे म्हणतात, कर्ज काढून यंत्र नको. आणि पहिल्या दिवसापासून स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ओढणारे कारागीर मामा गप्प गप्प असतात. ताई विचारतात, "आठ घेऊ की बारा? एकदाच घ्यायचं तर मोठं घेतलेलं पुढे उपयोगीच पडेल ना?"

ताई,

तुमच्या पत्रात मशीनची सगळी माहिती आहे. हेड (एकेक रंग छापणारे भाग) किती, पॅलेट केवढं, डीलरच्या व्हिडिओत ते तासाला ९०० नग कसं काढतं, सगळं. एक गोष्ट मात्र कुठे सापडली नाही. एक जॉब उतरवून दुसरा चढवायला तुमच्याकडे किती वेळ लागतो? मला आधी तेच हवं होतं. 'आठ की बारा'चं उत्तर देतोच, पण जरा वळसा घालून.

सासऱ्यांना एकदा विचारा, मागावर दिवसाला किती चादरी निघतील हे कशावर ठरायचं? मागाच्या वेगावर, असं ते म्हणणार नाहीत. आडव्या सुताच्या कांड्या भरणारी बाई आली नाही की माग उभा. उभ्या सुताचं बीम संपलं आणि सांधणारा दुसऱ्याच कारखान्यात अडकला की माग उभा. मागाचा खडखडाट सगळ्यांना ऐकू येतो, कांडीकडे कुणाचं लक्ष नसतं. छपाईत कांडीच्या जागी स्क्रीन आहे, म्हणजे फ्रेमवर ताणलेली जाळी (मेश), जिच्यातून शाई कापडावर उतरते.

आता तुमचेच आकडे घेऊ. पस्तीस ऑर्डरी, साडेसहा हजार नग, म्हणजे एक ऑर्डर सरासरी १८० नगांची. ऑटोमॅटिक तासाला ९०० फिरतं ते रिकामं. गडद कापडावर रंगांखालच्या पांढऱ्या थराला फ्लॅश, म्हणजे शाई वरच्यावर सुकवणारा हीटर, लागतो, त्याखाली पाच-सहा सेकंद थांबावं लागतं, वर पॅलेट पुढे सरकायला दोन-तीन सेकंद. नऊ सेकंदांचा एक टप्पा धरला तर तासाला ४०० नग, तेही दर नऊ सेकंदांनी एक टी-शर्ट सरळ चढवणारा हात दिवसभर टिकला तर. म्हणजे १८० नग सत्तावीस मिनिटांत छापून झाले. पण चार रंगांचा तो जॉब चढवायला, जुळवायला, दोन-चार तुकडे खराब करून बघायला नवख्या हाताला सहज तास लागतो. एकूण सत्त्याऐंशी मिनिटं. आठ तासांत साडेपाच जॉब, नग हजारच्या आत.

इथे दोन वाटा फुटतात. दीर म्हणतात तसं दुप्पट वेगाचं मशीन आणलं, तर छपाई साडेतेरा मिनिटांवर येईल, पण चढवायचा तास तसाच राहील. दिवसाला साडेसहा जॉब. दुसरी वाट अशी की मशीन तेच, पण चढवायचा वेळ तासावरून पंचवीस मिनिटांवर आणला. मग बावन्न मिनिटांत एक जॉब आणि दिवसाला नऊ. वेग दुप्पट करून एक जॉब वाढला, तयारी सुधारून साडेतीन. हा हिशेब मी माझ्या काळात केला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते.

पंचवीस मिनिटं काही जादूने होत नाहीत. ती स्क्रीनच्या खोलीत होतात. तुमच्याकडे अजून लाकडी फ्रेमा आहेत, स्टेपल मारलेल्या. हाताने छापताना त्या चालून जातात, कारण मेश सैल असली की मामा आपोआप हात हलका करतात, स्क्वीजीचा कोन बदलतात, त्यांना ते कळतसुद्धा नाही. मशीनला हे जमत नाही. ते प्रत्येक नगावर त्याच जोराने ओढतं, सैल मेश स्क्वीजीबरोबर पुढे सरकते आणि लालची कड पिवळ्यावर चढते. मग आपण म्हणतो, मशीनचं रजिस्ट्रेशन (रंगाशी रंग जुळणं) खराब आहे. अॅल्युमिनियमच्या फ्रेमा, त्यावर यंत्राने ताणलेली मेश, आणि टेन्शन मीटरने मोजलेले सेंटिमीटरला पंचवीसच्या आसपास न्यूटन. जॉबमधल्या सगळ्या स्क्रीनचा ताण जवळपास सारखा हवा, हे त्याहून महत्त्वाचं. डिझाइनची फिल्म डोळ्याने अंदाजे चिकटवायच्या ऐवजी पिनांची पट्टी करा, म्हणजे प्रत्येक रंगाची फिल्म प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी बसेल. तीच पट्टी मशीनच्या पॅलेटवर. हे सगळं तुमच्या आजच्या हातमशीनवरसुद्धा चालतं. ऑटोमॅटिक उद्या नाही आलं तरी हा खर्च वाया जात नाही, म्हणून याला मी पहिला नंबर देतो. आणि स्क्रीन एक्सपोज झाल्यावर (प्रकाशाने तिच्यावर डिझाइन उमटल्यावर) उजेडावर धरून सुईएवढी भोकं आधीच बुजवा. ती मशीनवर चढल्यावर सापडली की सहा माणसं हाताची घडी घालून उभी राहतात.

आता रंगांकडे. 'आठ रंगी' म्हणजे आठ रंग छापणारं, असं तुम्ही धरलं आहे. सगळेच धरतात. आठ रंगी, दहा स्टेशनच्या (पॅलेट थांबायच्या जागांच्या) मशीनमध्ये दोन स्टेशन टी-शर्ट चढवायला आणि उतरवायला जातात, राहिली आठ. काळ्या टी-शर्टवर पहिलं पांढरं, मग फ्लॅश, मग ते थंड व्हायला एक जागा रिकामी, नाहीतर गरम कापडाला पुढची स्क्रीन चिकटते. उरल्या पाच जागा. वरून उठावासाठी दुसरं पांढरं हवं असेल तर चारच रंग. पांढऱ्या टी-शर्टवर हेच मशीन खरोखर आठ रंग देतं. त्यामुळे नुसतं 'किती रंग' असं विचारून भागत नाही, 'कुठल्या कापडावर' हेही विचारावं लागतं. बऱ्याच मशीनवर टी-शर्ट न उतरवता दोन फेरे घेता येतात, पहिल्यात पांढरं आणि फ्लॅश, दुसऱ्यात बाकीचं. उत्पादन निम्म्यावर येतं, पण वर्षातून चारदा येणाऱ्या कामासाठी बारा रंगी मशीन पोसण्यापेक्षा ते परवडतं.

आणि ते पुण्याचे सहा ते आठ रंग, ते खरंच आठ आहेत का? डिझाइन कॉम्प्युटरवर काढणाऱ्याला रंग फुकट असतात. डिझाइनमधले रंग वेगळे काढणारा, म्हणजे सेपरेशन करणारा, चांगला माणूस गाठा, त्याला तीन डिझाइन द्या. फिकट निळा गडद निळ्याच्या ठिपक्यांतून काढता येतो, कापडाचा काळा हाच काळा रंग म्हणून वापरता येतो. आठाचे पाच होताना मी अनेकदा पाहिलं आहे, आणि गिऱ्हाइकाला फरक दाखवल्याशिवाय दिसलेला नाही.

मला जास्त काळजी तुमच्या रोजच्या कामाची आहे. शाळांच्या लाल हाउसचा टी-शर्ट घ्या. पॉलिएस्टर, त्यावर पांढरा लोगो. ड्रायरमधून बाहेर येतो तेव्हा दुधासारखा पांढरा. गठ्ठा बांधून ठेवला, चौथ्या दिवशी उघडला तर गुलाबी. शाळेचे सर फोनवर ओरडतात, दीर शाईवाल्यावर ओरडतात. पण शाईत भेसळ नसते. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वाफेसारखा सुटतो आणि वरच्या थरात शिरतो. गरम गरम टी-शर्ट एकावर एक रचले की अजूनच. ऑटोमॅटिकने हे थांबत नाही, उलट तासाला चारशे गुलाबी लोगो निघतात. त्याला लो-ब्लीड (कापडाचा रंग कमी ओढणारी) शाई, खाली तो रंग अडवणाऱ्या करड्या ब्लॉकरचा थर, कमी तापमानाला पिकणारी (पक्की होणारी) शाई आणि गठ्ठा बांधण्याआधी टी-शर्ट गार करणं हे उपाय आहेत. ब्लॉकर म्हणजे अजून एक हेड आणि बहुधा अजून एक फ्लॅश, हे वरच्या मोजणीत धरायला विसरू नका.

लहान मुलांचे कपडे म्हटलं की पुण्याच्या पार्टीला पहिला प्रश्न विचारा: शाई कुठली? नेहमीची प्लास्टिसोल शाई पीव्हीसीची असते, आणि मुलांच्या कपड्यांचे बरेच खरेदीदार पीव्हीसीमुक्त आणि थॅलेटमुक्त (थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) शाई मागतात. म्हणजे बहुधा पाण्यावरची शाई आली, आणि तिथून तुमचं अख्खं गणित बदलतं. प्लास्टिसोल एकशे साठ अंशांच्या आसपास पोचलं की पिकलं. पाण्यावरच्या शाईतलं पाणी आधी उडावं लागतं, मग ती पिकते, त्यामुळे ड्रायरच्या बोगद्यात दोन-तीन मिनिटं तरी हवीत. समजा ड्रायरचा तापणारा भाग अडीच मीटरचा आहे. दोन मिनिटं द्यायची तर पट्टा मिनिटाला सव्वा मीटर चालवावा लागेल. एका ओळीत दोन टी-शर्ट, ओळीमागे सत्तर सेंटिमीटर. तासाला २१४ नग, बस्स. पुढे चारशे छापणारं मशीन उभं करून मागे दोनशे पिकवणारा ड्रायर ठेवला तर जमिनीवर ओल्या टी-शर्टचा ढीग लागेल, नाहीतर कोणीतरी पट्टा वाढवेल. पट्टा वाढवला की माल कच्चा राहतो, आणि ते पहिल्या धुण्यात पुण्यात कळतं, सोलापुरात नाही. तुमचा आजचा ड्रायर याहून लहान आहे. म्हणून स्क्रीनच्या खोलीनंतर दुसरा नंबर ड्रायरचा. मशीनच्या आधी घेतला तरी चालेल, मशीननंतर घेतला तर चालणार नाही.

त्यात आपला उन्हाळा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे तुमची खरी धावपळ मे महिन्यात, आणि मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. हवा कोरडी. अशा हवेत पाण्यावरचं पांढरं मेशमध्येच वाळतं. मशीन चालू असेपर्यंत ठीक, चहाला दहा मिनिटं थांबलात की अक्षरांच्या बारीक कडा बुजल्या. मामा हाताने छापताना ओला फडका फिरवतात ना, तोच प्रश्न आता आठ स्क्रीनवर एकदम. थांबताना प्रत्येक स्क्रीनवर शाईचा थर ओढून ठेवायचा, शाईत रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य), बारीक नसलेलं काम जाड मेशवर घ्यायचं, आणि खोलीत साधा वाळ्याचा कूलर. त्याचा झोत मात्र सरळ स्क्रीनवर नको. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग करून घ्या. या एका गोष्टीवर दीर हसतील. हसू द्या.

पावसाळ्याची गोष्ट माझी स्वतःची आहे. माझं पहिलं ऑटोमॅटिक हवेवर चालणारं होतं. मशीनला पैसे पुरले, कॉम्प्रेसर एका ओळखीच्या वर्कशॉपचा जुना घेतला, एअर ड्रायर 'नंतर बघू' म्हणून सोडला. विकणाऱ्यानेही काही म्हटलं नाही, त्याला सौदा संपवायचा होता. गणपतीच्या आठ दिवस आधी, बाहेर तीन दिवसांची झड, आणि एका मंडळाचे भगव्यावर पांढऱ्याचे बाराशे टी-शर्ट. दुपारी स्क्वीजी झटके देऊन खाली यायला लागली. मग व्हॉल्व्हच्या तोंडातून फुस्स करून तेलकट पाणी उडायला लागलं, थेट पॅलेटवर. पिवळसर थेंब, प्रत्येक चौथ्या टी-शर्टवर. पहिल्यांदा आम्हाला वाटलं पत्रा गळतोय. पोऱ्याला वर चढवून डांबर लावलं! तोवर दोनशे नग गेले होते, आणि सिलिंडरला आतून जो गंज धरला तो पुढे दोन वर्षं पुरला. तेव्हा कॉम्प्रेसर मशीनला लागणाऱ्या हवेच्या सव्वापट, सोबत रेफ्रिजरेटेड एअर ड्रायर आणि फिल्टर, आणि हे सगळं मशीनच्या किमतीतच धरायचं. ३० लाखांत जर हे नसेल तर ते ३० लाख नाहीत.

विजेचंही तेच. एकेक क्वार्ट्झ फ्लॅश दहा-बारा किलोवॅट खातो. दोन फ्लॅश, कॉम्प्रेसर आणि विजेवरचा मोठा ड्रायर एकत्र धरले तर तुमच्या आजच्या कनेक्शनच्या कित्येक पट भार होतो. वाढीव भाराचा अर्ज, मीटर, कदाचित ट्रान्सफॉर्मरचा खर्च, यात महिने जाऊ शकतात. मशीन दारात आणि वीज कागदावर, असं होऊ देऊ नका. ड्रायर गॅसवरचा घेतला तर मोठा भार उतरतो. आणि लाइट गेल्यावर ड्रायरचा पट्टा थांबतो पण आतली धग थांबत नाही, आतले टी-शर्ट करपतात. म्हणून पट्ट्याच्या मोटरला वेगळा इन्व्हर्टर, किंवा हाताने फिरवायचा दांडा असलेला ड्रायर. विकणारा हे सांगणार नाही, विचारावं लागतं.

स्क्रीन धुतलेलं पाणी गटारात सोडण्याचा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशी येऊन थांबतो. वस्तीतल्या शेडमध्ये काम वाढवण्याआधी तो कागद बघून घ्या. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत गाळा भाड्याने घेण्याचा विचार त्या निमित्ताने होऊ शकेल.

आता मामांचं. ऑटोमॅटिक आलं की माणसं कमी, हे अर्धंच खरं आहे. एक चढवणारा, एक उतरवणारा, एक ड्रायरच्या तोंडाशी, एक शाई आणि स्क्रीन पुरवणारा, एक मशीनवर. पाच झाले. नगामागे मजुरी उतरते, पण रोजची हजेरी वाढते, आणि काम नसलं तरी ती द्यावी लागते. मशीनवर कोण? बरेच मालक इथे आयटीआय झालेला नवा मुलगा बसवतात. त्याला मशीनची बटणं येतात, पण छापलेल्या तुकड्याकडे बघून 'जोर जास्त झाला, शाई कापडात घुसली' हे त्याला दिसत नाही. मामांना दिसतं. बटणं पंधरा दिवसांत शिकता येतात. माझ्या मते त्यांना आजच, मशीन ठरण्याआधी, डेमो बघायला बरोबर न्या आणि तिथेच त्यांचं मत विचारा, दिरांसमोर. ते गप्प आहेत ते यंत्राला घाबरून नसावेत. या सगळ्यात आपल्याला कुणी काही विचारलंच नाही, हे त्यांना लागलं असणार.

सासऱ्यांचं म्हणणंही नुसतं जुन्या वळणाचं म्हणून सोडू नका. ३० लाख, पाच वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर हप्ता महिन्याला ६५ हजारांच्या थोडा वर जातो. शाई, मजुरी, वीज जाऊन एका नगामागे चार रुपये उरत असतील, तर १६,३०० नग फक्त हप्त्यासाठी. तुमचं आजचं सगळं काम मिळून साडेसहा हजार. म्हणजे हप्ता पूर्णपणे पुण्याच्या फोनवर उभा आहे. त्यांच्याकडून लेखी ऑर्डर घ्या. महिने, नग, दर, शाईचा प्रकार, खराब नगांची टक्केवारी आणि पैसे कधी, हे सगळं कागदावर. तुमची उद्यम नोंदणी असेल तर ती प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसला तर पंधरा दिवसांत द्यावे लागतात. २०२४ पासून आयकरातही असा नियम आला आहे की मुदत चुकवली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला वजा करता येत नाही. पुण्याच्या सीएला हे माहीत असतं, फक्त तुम्हालाही माहीत आहे हे त्यांना कळू द्या.

पहिले दोन-तीन महिने हे काम तुम्ही स्वतः छापूच नका, असंही मी सुचवेन. ऑटोमॅटिक असलेल्या दुसऱ्या कारखान्यात जॉबवर्कला द्या, स्क्रीन मात्र तुमच्या खोलीतून बनवून न्या. नफा फारसा उरणार नाही. पण वीस हजार खरोखर येतात की पहिल्या महिन्यात आठ आणि नंतर तीन, हे कळेल. तुमच्या स्क्रीन ऑटोमॅटिकवर कशा वागतात तेही कळेल. तीस-चाळीस नगांची, फोटोसारखी रंगीबेरंगी कामं डीटीएफवर (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायच्या पद्धतीने) बाहेरून करून घ्या, त्यासाठी मशीन अडवू नका. टॉवेलचं सांगायचं तर तीस बाय साठ इंचाचा टॉवेल टी-शर्टच्या पॅलेटवर मावत नाही आणि त्याचे उभे फासे छपाई नीट धरत नाहीत. ते लांब टेबलवरच राहू द्या. टेबल विकायचा विचार दिरांच्या मनात असेल तर तो काढून टाका.

बरं, आठ की बारा.

ओव्हल वाईट नसतं. स्टेशन भरपूर, फ्लॅश आणि गार होण्याच्या जागा हव्या तशा, पॅलेट मोठी, पुढे वाढवता येतं. मोठ्या, ठरलेल्या, रोज त्याच प्रकारच्या कामाला ते राजा आहे. पण तुमच्या ३० बाय ४० च्या शेडमध्ये ते आणि मोठा ड्रायर बसवल्यावर स्क्रीनची खोली कुठे जाईल? रस्त्यावर? गोल आठ रंगी मशीन चौदा-पंधरा फुटांत बसतं, भोवती माणूस फिरायला तीन-तीन फूट. एका मध्याभोवती फिरणारे हात ही कल्पना जुनी आहे, अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांना त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं, आणि लहान-मध्यम ऑर्डरींसाठी अजून तिच्याइतकं सुटसुटीत काही निघालेलं नाही. शिवाय परदेशातलं जुनं यंत्र म्हणजे त्याचं कंट्रोल कार्ड. ते गेलं आणि कंपनीने बनवणं बंद केलेलं असलं, तर बारा हेडचं लोखंड उरतं. मे महिन्यात गेलं तर विचारूच नका.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर जुनं बारा रंगी ओव्हल घेतलं नसतं. वर्षभराची ऑर्डरींची वही काढून प्रत्येक ओळीसमोर कापड गडद की फिकट, रंग किती, नग किती असं लिहिलं असतं. गडद कापडावर पाचपेक्षा जास्त रंगांची कामं निम्म्याहून कमी निघाली तर नवं आठ रंगी, दहा स्टेशनचं, दोन फ्लॅशसह. निम्म्याहून जास्त निघाली, आणि पुण्याची ऑर्डर तीन महिने टिकली, तर दहा रंगी बारा स्टेशनच्या गोल मशीनचा भाव विचारला असता. दिरांना 'बारा' हा आकडा हवाच असेल तर तो तिथे मिळतो. फिरवणारी यंत्रणा सर्व्हो मोटरवरची, कारण ती जागेवर अचूक थांबते आणि हळू-जलद करता येते. हेड हवेवरचे चालतील, वरचा कॉम्प्रेसरचा धडा गिरवला असेल तर. आणि दुरुस्तीचा माणूस सोलापूरपर्यंत किती तासांत येतो, हे लेखी. 'चोवीस तास सर्व्हिस' असं नका लिहून घेऊ, त्याचा अर्थ फोन उचलतील एवढाच होतो.

डेमोला जाताना त्यांचे टी-शर्ट, त्यांचं डिझाइन घेऊ नका. त्यावर सगळी मशीन छान छापतात. तुमचं डिझाइन, तुमच्या दोन स्क्रीन, तुमची शाई न्या. एकच बारीक अधिकचं चिन्ह पहिल्या आणि शेवटच्या हेडवर लावा आणि प्रत्येक पॅलेटवर दोन्ही एकावर एक छापायला सांगा. सगळ्या पॅलेटवर एकच रेघ दिसली पाहिजे. एखाद्यावर जुळी दिसली तर ते पॅलेट किंवा तो हात वाकडा आहे. मग पन्नास नग सलग छापायला सांगा आणि पहिला आणि पन्नासावा शेजारी ठेवून बघा, कारण पॅलेट तापत जाते तसा फ्लॅशचा वेळ कमी करावा लागतो, आणि ऑपरेटरला ते कळतं की नाही हे तिथेच दिसतं. मग सगळ्यांना चहा पाजा. दहा मिनिटं मशीन बंद. परत चालू केल्यावर कितव्या नगापासून बारीक अक्षरं नीट उठतात ते मामांना मोजायला सांगा.

आणि पिशवीत लाल हाउसचे बारा पॉलिएस्टर टी-शर्ट असू द्या. त्यांच्याच शाईने, त्यांच्याच ड्रायरमधून पांढरा लोगो मारून घ्या. घरी आणून त्यांचा घट्ट गठ्ठा बांधा आणि शेडमध्ये पत्र्याजवळच्या फळीवर ठेवा. दीर घाई करतील, डीलरचा रोज फोन येईल. पाचव्या दिवशी गठ्ठा सोडून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.